शेपूट एक, डोकी अनेक

मीरा रोडच्या पूनम सागर परिसरात राहणाऱ्याला रसायनशास्त्राचा एक धडा न्हाणीघरातच मिळतो. नळाला ‘स्टेम’ या पाणीपुरवठा कंपनीचे किंवा एमआयडीसीचे, म्हणजे नदी-धरणाचे पाणी येत असते तोवर साबणाचा फेस भरभर होतो. पाणी कमी पडून सोसायटीत टँकर आला किंवा बोअरवेलचा पंप सुरू झाला, की वडी तीच असली तरी फेस धरत नाही. बादलीच्या कडेला राखाडी साय जमते, नळाच्या तोटीवर पांढरे डाग पडतात, केस धुऊनही चिकट राहतात.

कारण इथल्या जमिनीत आहे. मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, आणि शहराच्या अंगाला अजूनही मिठागरे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या तिप्पट, जवळपास १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. खाडीकाठच्या जमिनीत खोल गेलेल्या बोअरवेलमध्ये या खाऱ्या पाण्याचा अंश झिरपला, की ते पाणी जड होते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने जडपणाची (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने मोजलेल्या) इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल ६०० मिलिग्रॅम ठरवली आहे. दोन्हींच्या मधले, ३०० मिलिग्रॅमचे पाणी घेऊन एक हिशेब मांडू. पंधरा लिटरच्या बादलीत साडेचार ग्रॅम जडपणा येतो. एक ग्रॅम जडपणा सुमारे सहा ग्रॅम साबण निकामी करतो. म्हणजे त्या बादलीतले सगळे कॅल्शियम-मॅग्नेशियम संपवायला सत्तावीस ग्रॅम साबण लागेल, शंभर ग्रॅमच्या वडीचा चौथा हिस्सा. तेवढा साबण मळ काढत नाही, नुसती साय बनवतो.

साबणाचा हा पराभव समजून घेतला, की गेल्या दीडशे वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी मेदाम्लांचे काय काय केले आणि आज आपल्या घरातल्या शाम्पूपासून भांड्यांच्या द्रवापर्यंत काय भरलेले आहे, तेही उलगडते.

तेलातून साबण

खोबरेल असो, पामतेल असो की एरंडेल, कुठल्याही तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी आणि तिच्या एका टोकाला आम्लाचा कार्बोक्सिल गट. ही रचना उघड केली मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. प्राण्यांच्या चरबीवरचे त्याचे पुस्तक १८२३ साली आले. हा माणूस १०२ वर्षे जगला आणि साबण बनवण्याच्या शेकडो वर्षांच्या कसबाला त्याने शास्त्राचा पाया दिला. तेलात कॉस्टिक सोडा घालून तापवले, की ग्लिसरीन सुटे होते आणि मेदाम्लांचे सोडियम क्षार उरतात. तोच साबण. सोडियमऐवजी पोटॅशियम वापरले तर साबण मऊ किंवा पातळ होतो.

साबणाच्या रेणूचे वागणे त्याच्या दोन टोकांतल्या भांडणातून येते. कार्बनची साखळी, म्हणजे शेपूट, तेलाच्या जातीची आहे. तिला पाणी नको असते. कार्बोक्सिलेटचे डोके विद्युतभारित आहे. त्याला पाणी हवे असते. पाण्यात पडलेला असा रेणू पृष्ठभागाकडे धावतो, डोके पाण्यात आणि शेपूट हवेत ठेवून उभा राहतो. असे अनेक रेणू दाटीने उभे राहिले की पाण्याचा पृष्ठताण घसरतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सियसला मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबण त्याला तीसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणतो. मग पाणी कापडाच्या धाग्यांत शिरते आणि तेलकट डागाखाली पसरते. असे काम करणाऱ्या सगळ्या पदार्थांना सर्फेक्टंट म्हणतात, मराठी शास्त्रीय लेखनात पृष्ठसक्रिय द्रव्ये.

पृष्ठभागावर जागा उरली नाही की उरलेले रेणू पाण्याच्या आत गोळा होतात. शेपट्या मध्यभागी, डोकी बाहेर. या गोळ्याला मायसेल म्हणतात. जेम्स मॅकबेन याने १९१३च्या सुमारास ही कल्पना मांडली. सोडियम लॉरिल सल्फेट या नेहमीच्या सर्फेक्टंटचे मायसेल लिटरला सव्वादोन-अडीच ग्रॅम विरघळले की बनू लागतात आणि एकेका मायसेलमध्ये साधारण साठ रेणू असतात. मायसेलच्या पोटातला तेलकट कोपरा म्हणजे मळ वाहून नेणारी जागा. ताटावरचे तूप पाण्यात विरघळत नाही, पण मायसेलच्या आत शिरून पाण्याबरोबर निघून जाते.

शेपटीची लांबी

शेपूट किती लांब असावी, हा साबण कारखान्यातला जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तेल देते. खोबरेलात जवळपास निम्मे मेदाम्ल लॉरिक असते, बारा कार्बनचे. पामतेलात सोळा कार्बनचे पामिटिक सुमारे ४४ टक्के. करडईच्या तेलात अठरा कार्बनचे, दोन दुहेरी बंधांचे लिनोलिक आम्ल सर्वांत जास्त. एरंडेलात रिसिनोलिक आम्ल ८५ ते ९० टक्के, आणि त्याच्या साखळीच्या मध्येच एक हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो.

साखळीत एक कार्बन वाढला, की भारित डोक्याच्या सर्फेक्टंटमध्ये मायसेल बनायला लागणारे प्रमाण साधारण निम्मे होते. म्हणजे लांब शेपूट काटकसरीची. पण लांब शेपटीचा साबण थंड पाण्यात विरघळतच नाही. सोडियम स्टिअरेटला खरे विरघळायला कढत पाणी लागते, तर सोडियम लॉरेट कोमट पाण्यात सहज विरघळतो. फार आखूड शेपटीचे, आठ-दहा कार्बनचे साबण विरघळतात, पण मळ नीट धरत नाहीत आणि त्वचेला बोचतात. म्हणून अंगाच्या साबणात जुने प्रमाण आहे: सुमारे ऐंशी भाग लांब साखळीचे तेल वा चरबी आणि वीस भाग खोबरेल किंवा पाम कर्नेल तेल. लांब साखळी वडीला कडकपणा आणि टिकाऊपणा देते, बारा कार्बनची साखळी पटकन फेस देते. करडईसारख्या तेलाचा साबण मऊ राहतो, आणि दुहेरी बंधांमुळे लवकर खवट होतो.

मुंबईने या प्रमाणांचा मोठा व्यवसाय केला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. चरबीमुळे विलायती साबणाला शिवायला न धजणाऱ्या घरांसाठी तो प्रश्न धर्माचा होता आणि स्वदेशीचाही. १९३४ साली शिवडीत लिव्हर कंपनीचा साबण कारखाना सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला होता. तोच आज माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तेले, ओलिओकेमिकल्स आणि सर्फेक्टंट तंत्रज्ञान असा स्वतंत्र विभाग तिथे आहे, आणि या उद्योगातल्या कित्येकांचे शिक्षण त्या इमारतीत झाले आहे.

आजचा मोठा कारखाना तेलावर थेट कॉस्टिक ओततोच असे नाही. आधी तेल फोडतात. उंच मनोऱ्यात खालून तेल आणि वरून पाणी सोडतात, २५० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान आणि वातावरणाच्या पन्नासपट दाब ठेवतात. काही तासांत ९८ टक्क्यांहून जास्त तेल फुटून मेदाम्ले वर येतात आणि ग्लिसरीनचे गोडसर पाणी खाली बसते. मग निर्वातात ऊर्ध्वपातन करून बारा, चौदा, सोळा, अठरा कार्बनची मेदाम्ले वेगवेगळी काढतात. इथून पुढे त्यांची वाट साबणाकडे जाऊ शकते, किंवा दुसऱ्या कशाकडेही.

डोके बदलले

जड पाण्यात साबण हरतो, कारण दोन कार्बोक्सिलेट डोकी एका कॅल्शियमला घट्ट धरतात आणि तो क्षार पाण्यात विरघळत नाही. साबणाची दुसरी अडचणही त्याच डोक्यातून येते. कार्बोक्सिलिक आम्ल दुबळे असल्याने साबणाचे द्रावण अल्कधर्मी, पीएच ९ ते १०चे राहते, आणि आंबट पाण्यात साबण पुन्हा मेदाम्ल होऊन तरंगू लागतो. निरोगी त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो. म्हणजे दोष शेपटीत नव्हता. ती ठेवून डोके बदलायचे होते.

पहिला प्रयोग एरंडेलावर झाला. १८७०च्या दशकात एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून टर्की रेड ऑइल तयार झाले. रिसिनोलिक आम्लाच्या त्या हायड्रॉक्सिल गटाला सल्फेट जोडले गेले आणि जड पाण्यातही टिकणारा पदार्थ मिळाला. कापड लाल रंगवण्यासाठी तो गिरण्यांत वापरला जाऊ लागला. साबणानंतरचा हा पहिला मानवनिर्मित सर्फेक्टंट. पुढे जर्मनीत हाइनरिश बेर्ट्श याने १९२८मध्ये मेदाम्लांपासून केलेल्या अल्कोहोलचे सल्फेट बनवले, आणि १९३२ साली ‘फेवा’ ही नाजूक कपड्यांची पावडर बाजारात आली. त्याच सुमारास तिथल्याच इगे फार्बेनने मेदाम्लाला आयसेथिओनिक आम्ल आणि टॉरिन जोडून ‘इगेपॉन’ हे गट काढले.

आजची मुख्य वाट अशी. मेदाम्लाचे मिथेनॉलशी एस्टर करतात, त्यावर तांब्याच्या उत्प्रेरकासमोर दोनशे ते तीनशे वातावरण दाबाचा हायड्रोजन सोडतात. कार्बोक्सिल टोक जाऊन मेद अल्कोहोल मिळते. त्यावर इथिलीन ऑक्साइडचे दोन-तीन घटक चढवतात. मग सल्फेट.

हे सल्फेटीकरण पाहायचे तर पूनम सागरहून पश्चिम रेल्वेनेच उत्तरेला, बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीपर्यंत जावे लागते. १९८० साली स्थापन झालेल्या आणि २०१८मध्ये शेअर बाजारात आलेल्या गॅलेक्सी सर्फेक्टंट्स या नवी मुंबईच्या कंपनीचे कारखाने तिथे आणि तळोज्यात आहेत. जगभरचे शाम्पू आणि टूथपेस्ट बनवणारे तिचे गिऱ्हाईक आहेत. या उद्योगातली नेहमीची रीत अशी: गंधक वितळवून कोरड्या हवेत जाळतात, निघालेला सल्फर डायऑक्साइड व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या थरांतून नेऊन सल्फर ट्रायऑक्साइड करतात. तो इतका तापट, की कोरड्या हवेत पाच टक्क्यांच्या आसपास विरळ केल्याशिवाय वापरता येत नाही. उभ्या नळ्यांच्या आतल्या भिंतीवरून मेद अल्कोहोलचा पातळ पडदा खाली उतरतो, शेजारून तो वायू वाहतो, नळीच्या बाहेर थंड पाणी फिरते. क्रिया क्षणांत होते. थंडावा कमी पडला तर माल काळवंडतो. खाली आलेले आम्ल साठवून ठेवता येत नाही, लगेच कॉस्टिकने उदासीन करावे लागते. जी पांढरी पेस्ट तयार होते ती सोडियम लॉरेथ सल्फेट, बाजारातल्या बोलीत ‘एसएलईएस’. मशीद बंदरला रसायनांच्या दुकानात ती डब्याने मिळते आणि बचत गटांच्या बायका तिच्यापासून भांड्यांचे द्रव बनवतात.

ही पेस्ट हाताळणाऱ्यांना तिचा एक स्वभाव ठाऊक असतो. सत्तर टक्क्यांची पेस्ट ढवळता येते, तीस टक्क्यांखालचे द्रावण पाण्यासारखे वाहते, पण मधल्या टप्प्यात ती घट्ट जेल होऊन बसते. कारण त्या प्रमाणात मायसेल लांब दांड्यांसारखे होऊन षट्कोनी रचनेत एकमेकांना चिकटून उभे राहतात. पेस्टवर थोडे पाणी घातले की नेमका हाच टप्पा येतो. म्हणून पेस्ट थोडी थोडी करून पुष्कळ पाण्यात घालावी, तीही हळू ढवळत, म्हणजे फेस होत नाही. शेवटी मीठ घातले की द्रव दाट होतो, कारण मिठामुळे डोक्यांमधले ढकलणे कमी होते आणि गोल मायसेल लांब, गुंतणारे होतात. मीठ आणखी घातले तर दाटपणा पुन्हा उतरतो. अनुभवाने शिकलेली ही मिठाची मात्रा म्हणजे अस्सल भौतिक रसायनशास्त्र आहे.

एकाच साखळीची कुटुंबे

सल्फेट हे एक डोके झाले. त्याच मेदाम्लाला डायमिथिलअमिनोप्रोपिलअमिन जोडले आणि मग मोनोक्लोरोॲसिटेटशी क्रिया केली, की कोकामिडोप्रोपिल बीटेन बनते. त्याच्या डोक्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. बीटेन एकटे क्वचितच येते. सल्फेटच्या जोडीला घातले की मिश्र मायसेल जास्त सहज बनतात, पाण्यात सुटे फिरणारे रेणू कमी होतात, आणि त्वचेत शिरून जळजळ करणारे हे सुटे रेणूच असल्याने शाम्पू सौम्य होतो. नारळाच्या मेदाम्लाचा आयसेथिओनेट १९५०च्या दशकापासून साबणविरहित वडीत वापरतात. त्याचा पीएच सातच्या जवळ असतो आणि जड पाण्यात साय धरत नाही. ग्लायसिन, सार्कोसिन, ग्लुटामिक आम्ल अशी अमिनो आम्ले डोके म्हणून जोडली की आणखी सौम्य पदार्थ मिळतात, किमतीने मात्र महाग.

धनभारित डोके लावायचे तर मेदाम्लापासून अमोनियाच्या साहाय्याने नायट्राइल, त्यापासून अमिन आणि त्यापासून चतुर्थक अमोनियम क्षार बनवतात. केसांचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने हे रेणू केसांना चिकटून शेपटी बाहेर ठेवतात, केस गुळगुळीत लागतात. हेच कंडिशनर. भाररहित डोके लावले तर ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट मिळते, जे पाव मऊ ठेवते आणि आइस्क्रीमला घट्टपणा देते. सॉर्बिटॉल आणि इथिलीन ऑक्साइड जोडून केलेले पॉलिसॉर्बेट ८० लशींत आणि औषधांतही वापरले जाते. आपल्या फुप्फुसांच्या वायुकोशांतही मेदाम्लांचाच सर्फेक्टंट आहे, पामिटिक आम्लाच्या दोन साखळ्या असलेले फॉस्फॅटिडिलकोलिन. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हा थर अपुरा असतो म्हणून श्वास अडतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवले. आज तोच सर्फेक्टंट बाळाच्या श्वासनलिकेतून देऊन जीव वाचवतात.

सांडपाण्याचा विचार

बादलीतून गेलेले पाणी मलनिस्सारण वाहिनीतून किंवा उघड्या नाल्यातून शेवटी खाडीकडे जाते. सर्फेक्टंटची खरी परीक्षा तिथे होते. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेत पेट्रोलियमपासून केलेल्या, फांद्या असलेल्या साखळीच्या डिटर्जंटने नद्यांवर फेसाचे थर आले, कारण जिवाणूंना ती फांदीदार साखळी तोडता येईना. पश्चिम जर्मनीने १९६१ साली यासाठी कायदा केला, आणि पुढच्या काही वर्षांत उद्योगाने सरळ साखळीकडे वळण घेतले.

मेदाम्लांची साखळी मुळातच सरळ. जिवाणू तिचे दोन-दोन कार्बन एका वेळी कापून खातात, अगदी आपले शरीर खाल्लेल्या तेलाचे करते तसेच. योग्य प्रक्रिया झालेल्या सांडपाण्यात हे पदार्थ बहुतेक विघटित होतात. प्रक्रियाच झाली नाही तर मात्र तो भरवसा उरत नाही. भर ओहोटीला उथळ खाडीत थेट आलेले सर्फेक्टंट माशांच्या कल्ल्यांना आणि खारफुटीतल्या लहान जीवांना त्रास देतात. विघटन होताना पाण्यातला प्राणवायूही खर्च होतो. मीरा-भाईंदरसारख्या, खाडीच्या कुशीत वाढणाऱ्या शहराला म्हणून दोन्ही हवे: लवकर मोडणारे रेणू आणि चालू असलेली मलप्रक्रिया केंद्रे. कच्च्या मालाचीही काळजी हवी. बारा कार्बनची साखळी मुख्यतः खोबरे आणि पाम कर्नेल तेलातून येते, आणि त्यातले बरेच इंडोनेशिया-मलेशियातून. दुसरीकडे भाताच्या कोंड्यातले तेल, करंज आणि मोहाच्या बिया आपल्याकडे आहेत. त्यांची लांब साखळीची मेदाम्ले साबणाला उत्तम चालतात. तांदळापासून कोंडा सुटला की त्यातले विकर तेल फोडू लागते, म्हणून कोंडा लगेच तापवून स्थिर केला तरच ते खाण्यायोग्य राहते. नाही झाले तर ते साबण-मेदाम्लांच्या कारखान्यात जाते.

निवड कशी करावी

सर्फेक्टंटबद्दल घरोघरी बोलले जाते ते ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’ या दोन शब्दांत. या विभागणीने काही कळत नाही. हाताने बनवलेला खोबरेलाचा साबण पूर्ण नैसर्गिक आहे आणि बोअरवेलच्या पाण्यात तो साय धरून वाया जाईल. कारखान्यात बनलेल्या आयसेथिओनेटची साखळी त्याच नारळातली आहे आणि तो जड पाण्यात काम करतो. विचारायचे प्रश्न तीन: शेपूट सरळ आहे का, डोके आपल्या पाण्याला चालते का, आणि वापर गरजेइतका आहे का.

अंगाच्या साबणावर ‘टीएफएम’चा आकडा असतो, म्हणजे एकूण मेदद्रव्य. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६० हवा. ‘बेदिंग बार’ असे लिहिले असेल तर ४० टक्केही चालतो. साधा साबण घ्यायचा तर हा आकडा पाहावा. पाणी जड असेल तर साबणापेक्षा आयसेथिओनेट, लॉरेथ सल्फेट किंवा बीटेन असलेला पदार्थ घ्यावा, आणि तो नेहमीपेक्षा कमी घ्यावा. फेसाचे प्रमाण म्हणजे स्वच्छतेचे प्रमाण नव्हे. कपडे साबणानेच धुवायचे तर आधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालावा. तो कॅल्शियमला कार्बोनेट म्हणून खाली बसवतो आणि साबण वाचतो.

आपल्या पाण्याची चाचणी घरातच करता येते. दोन सारख्या बाटल्यांत एकीत पावसाचे किंवा आरओचे, दुसरीत बोअरवेलचे पाणी घ्या, दोन्हीत साबणाचा सारखाच कीस टाका आणि सारखेच हलवा. कुठे फेस उभा राहतो आणि कुठे गढूळ साय जमते ते पाहा. सोसायटीच्या बैठकीत हे दाखवून मृदूकरण यंत्राचा निर्णय घेता येईल. बाटल्या हातात आल्या, की कुठल्या घराने किती साबण वाया घालवला याचा वाद संपतो आणि प्रत्येकाचा हिशेब पाण्यापासून सुरू होतो.